चौकटीवरची दोन भोकं

"आई, मला उचलू नकोस. यंदा माझा हात पोचतो," तिरझा जिन्यातच म्हणाली. मांडव्याहून लाँचमध्ये बसल्यापासून तिचं हेच चाललं होतं. घरात शिरताना चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या त्या पितळी नळीला, बोटं लावून ओठांशी न्यायची आमची रीत. मिल्काआत्याच्या दाराशी तिने टाचा उंचावल्या. चौकटीवर नुसती खिळ्यांची दोन भोकं होती.

"ती बॅगेत भरली गं," आत्या दार उघडत म्हणाली. "खरं तर घर सोडताना काढायची. पण माझं हे विसराळू डोकं. इथंच राहिली असती तर?"

तिच्यामागे बांधलेली खोकी दिसत होती. तरी मी विचारलं, "कुठं चाललीस?"

"इस्राएलला, लेकाकडे. घर विकलं. फोनवर सांगितलं असतं तर तू तिकडेच रडत बसली असतीस."

"मग पुढच्या सुट्टीत आम्ही कुणाकडे यायचं?" तिरझाने विचारलं.

मला लेकीकडे बघवेना. तिने पुन्हा टाचा उंचावल्या, त्या भोकांना बोटं लावून ओठांशी नेली आणि आत गेली.

मग आत्यानेही तिथं हात ठेवला. तो तिने बराच वेळ काढला नाही.