एकविसावं काम

ताईने एक काम बंद केलं, चहाचा घोट घेतला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. वीस! आत्ता तर एकोणीस कामं होती. तिने बोट लावून मोजलं. वीसच.

नवं काम होतं, 'गोदामातली रिकामी खोकी मोजणे'. त्याच्या वर 'खिडकीची कडी तपासणे'. ताई स्वयंपाकघरातल्या कपाटांचे नकाशे काढायची. खोक्यांशी आणि कड्यांशी तिचा काय संबंध?

ऑफिसातलं सगळं संगणकावरच्या फळ्यावर चाले. फळ्यावर नाही ते घडतच नसे. ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा गाडीची किल्ली परत करणं त्याच्या नावावर चढलं होतं, केक आणणं टेलिफोनवालीच्या, आणि केक खाणं कुणीतरी चेष्टेने सगळ्यांच्या. मात्र एका माणसाच्या नावावर कामं वीसच. एकविसावं चढवायला गेलं की लाल पट्टी यायची. महिनाअखेरीला पाच वाजता पान बंद व्हायचं. तोवर चढलं ते चढलं, राहिलं ते कायमचं राहिलं.

आज महिनाअखेर होती.

"अहो ताई," साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. "आठवडा झाला, तुमच्या नावावर काही चढवायला जावं तर जागाच नाही. चाललंय काय?"

"साहेब, मी रोज पाच-सहा कामं संपवते हो. पण लगेच नवी येतात. मलाच कळत नाही."

"वरून तंबी आलीय. या महिन्याचं याच महिन्यात झालं पाहिजे." साहेब तिच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होते. "पाचच्या आत एक तरी जागा करा."

ताईने चहाचा कप बाजूला सारला. माणसं कमी करणार अशी कुजबुज पंधरा दिवस चालली होती. नवरा पाठीच्या ऑपरेशनपासून सहा महिने घरी पडून. तिची नोकरी गेली तर चूल पेटायची कशी? आणि हे कोण तिला कामचुकार ठरवायला बसलंय?

तिने खोक्यांच्या कामाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. चढवणारा : नाना.

नाना फळा सांभाळायचे. कुणाचं काय चढायचंय, काय राहिलंय, ते त्यांना सगळ्यांच्या आधी दिसे. नऊ वर्षांपूर्वी ताईला इथे चिकटवलं तेही नानांनीच. तिचा विश्वासच बसेना. ती तरातरा त्यांच्या टेबलाशी गेली.

"नाना, माझ्या नावावर ही खोकी तुम्ही टाकलीत?"

"टाकली."

"आणि ती कडी?"

"तीही. वारा येतो ना आत."

"नाना, चेष्टा पुरे! साहेब माझ्यावर खार खाऊन आहेत."

नानांनी साहेबांच्या काचेच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, माझं ऐक. आज एकही काम बंद करू नकोस. गप्प बसून राहा."

"का पण?"

"माझ्या तोंडाला कुलूप आहे गं. पाच वाजू देत, मग बोलू."

ताई जागेवर येऊन बसली. आज, नेमकं आजच गप्प बसायचं? कामं तुंबवून? मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं कमी करणार म्हणजे नानांच्या खुर्चीलाही धोका होताच. स्वतःला वाचवायला त्यांनी तिला पुढे केलं. ज्याला बापाच्या जागी मानलं त्यानेच केसाने गळा कापावा! तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला.

चार वाजता साहेबांनी नानांना पलीकडच्या इमारतीत सामानाच्या मोजणीला पाठवलं. जाताना नाना दारात घुटमळले, तिच्याकडे पाहून त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिने तोंड फिरवलं.

मग ताईने पदर खोचला. गोदामात जाऊन खोकी मोजली, त्रेचाळीस. कडी तपासली, धडधाकट होती. कपाटांना नावं चिकटवली, जुने नकाशे गुंडाळले. तिची स्वतःची कामं तर सकाळीच उरकली होती. पाचला दहा कमी असताना तिने एक काम बंद केलं. एकोणीस. तिने श्वास रोखून धरला. एकोणीसच राहिली! मग अठरा, सतरा... शेवटी फळा कोरा करकरीत.

"साहेब, झाली जागा!" ती तिथूनच ओरडली. "वीसच्या वीस!"

काचेमागून साहेबांनी मान डोलावली आणि ते संगणकाकडे वळले.

तेवढ्यात नाना धापा टाकत आत आले. "ताई, किती राहिली?"

"एकही नाही," ताई ठसक्यात म्हणाली. "बसा आता खोकी मोजत."

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला तीन मिनिटं होती. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पडद्यावर टिंग वाजलं. कोऱ्या फळ्यावर ताईच्या नावापुढे एकच ओळ उमटली होती : 'ओळखपत्र आणि टेबलाची किल्ली आजच जमा करणे.'