दोन्ही वेळेला का बरं?

डोंबिवलीला आगाशे सरांच्या दारात दामाजीने पिशवी पुढे केली, तेव्हा मालूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पिशवी हलत होती.

"आवसेच्या चिंबोऱ्या हान, सर. भरलेल्या. गुरूच्या घरी रिकाम्या हातानं नाय यायचं."

सरांच्या घरात कधी अंडंसुद्धा फुटलं नव्हतं. तरी त्यांनी ती खेकड्यांची पिशवी दोन्ही हातांनी घेतली, चिंबोऱ्या जपून बादलीत सोडल्या आणि दामाजीला खुर्ची दिली.

दामाजी आला होता लेकीचं वेड उतरवायला. मालू बी.एस्सी. झाली होती, एमआयडीसीतल्या कंपनीत लॅबमधली नोकरी ठरत होती, आणि पोरीने एकच धोशा लावला होता: एम.एस्सी. करणार, सरांसारखं फिजिक्स शिकवणार.

"तुमचाच आयकंल ती. तुमीच सांगा, पुरे झालं."

"सांगतो. आधी तुम्ही मला सांगा. उधाण अमावास्येला येतं आणि पौर्णिमेलाही. चंद्र एकदा इकडे, एकदा तिकडे. मग दोन्ही वेळेला का बरं?"

या 'का बरं?'नेच तर मालूला नादाला लावलं होतं. वर्गात सर एवढं विचारून फळ्याला टेकून उभे राहत. वाट बघायचा त्यांना कंटाळा नव्हता.

"का म्हंजे? येतंच," दामाजी म्हणाला. जन्म ठाण्याच्या खाडीत गेला, पण हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सरांनी उत्तर दिलं नाही. चहा दिला.

ते जिना उतरत असताना वरून आगाशे काकूंची किंकाळी आली, "अहो, बादलीतून बाहेर आली ही!" मालूला हसू आवरेना. दामाजी मात्र मध्येच थांबला.

"का गो मालू? दोनी येलेला का?"

"सूर्य, चंद्र आनि आपन एका रांगेत येतो, बाबा. दोघं मिलून पानी ओढतान. मंग त्ये दोनी बाजूंना फुगते."

"चंद्राच्या बाजूचा समजला. पलीकडचा का फुगते?"

मालूने काहीतरी ठोकून दिलं असतं तरी बापाने मान डोलावली असती. पण सरांनी तिला तसं शिकवलं नव्हतं.

"गनित येते मना. पन तुला समजंल आसं सांगाया आजून येत नाय, बाबा."

दामाजी पायरीवर बसला. कंपनीचं नावही त्याने काढलं नाही.

"मंग त्येच शीक," तो म्हणाला. "पन तुजा पयला तास मना दे."