पाळीवरचा मोह

आरमोरीजवळच्या त्या गावात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली कोणी पाय ठेवत नसे. तिथं 'तो' राहतो, हे शेंबडं पोरही सांगायचं. छप्पन सालच्या चैतात घरातले तांदूळ सरले, बाकी झाडांखालची मोहफुलं उजाडायच्या आत लोकांनी वेचून नेली आणि नातसून पार्बता रंभाबुढीच्या मागंच लागली.

"आजी, त्याले पाह्यलं कोणं?"

"लोक सांगतेत ना!"

"अन् लोकाईले कोणं सांगतलं?"

चार दिवस हेच. बुढीला घास गोड लागेना, बसल्या जागी चैन पडेना. पाचव्या सकाळी तिनं पन्नास वर्षं पोटात दाबून ठेवलेलं एकदाचं ओकून टाकलं.

"मीच सांगतलं होतं! नवी नवरी होती मी. त्या झाडाचा सारा मोह आपल्यालेच भेटावा म्हनून लबाड बोलली. दोन वर्सं एकटीच वेचत होती. तिथी कोणी नाई!"

"मंग तू काऊन सोडलं वेचनं?"

बुढी खराटा घेऊन अंगण झाडायला लागली. पार्बता हसली, टोपली काखेत मारली आणि निघाली. बुढी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. पार्बता समोरच्या पाळीशी पोचली तशी मात्र तिला राहवेना. अंगणातूनच ती ओरडली,


"अवं पार्बता, सारा नोको वेचजो वं! त्याच्यासाठी ओंजळभर ठेवजो!"