इंजिनचा दिवा

“तुम्ही खोटं बोला,” सून दबक्या आवाजात म्हणाली. “इंजिन गेलंय म्हणा. ही गाडी आता भंगारात घाला म्हणा. पुढचं मी बघते.”

गाडी तपासायच्या स्कॅनरची वायर मिस्त्रीने मनगटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. “तुमच्या सासऱ्यांचा जन्म ट्रक चालवण्यात गेलाय, ताई. त्यांना मी काय थापा मारणार? मशीन दाखवेल तेच सांगणार.”

सासरे गॅरेजच्या दारातल्या नळावर हात धूत होते. त्यांना ऐकू गेलं नाही याची सुनेने मान वळवून खात्री करून घेतली. तिला धास्ती होती, आणि ती आजची नव्हती.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशीची होती. ती सासऱ्यांच्या शेजारी बसली होती. मागे तिची लेक चिमी स्वतःशीच गुणगुणत होती. शाळेच्या वळणावर सिग्नल लाल झाला. सासरे थांबले नाहीत. बाजूने येणाऱ्या ट्रकने हॉर्न दाबून धरला, चिमीच्या खिडकीवर त्याची सावली पडली आणि सरकली. वीतभर अंतर राहिलं असेल. चिमीला वाटलं आजोबांनी गंमत केली. ती म्हणाली, “आजोबा, परत.”

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “बाबांना तूच सांग. मला नाही जमायचं.” म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, तर सुनेने. सासूबाई होत्या तेव्हा या गाडीला सवत म्हणायच्या, इतका म्हाताऱ्याचा तिच्यात जीव. अशा माणसाला चाक सोडा म्हणून सांगायचं कसं? आणि न सांगून करायचं काय? उद्या शाळा उघडत होती. उद्या सकाळी चिमी त्याच मागच्या सीटवर बसणार होती.

देव पावल्यासारखी एकच गोष्ट झाली होती. त्या वळणाच्या दुसऱ्याच दिवशी डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. सासरे म्हणाले, “राहू दे उभी. जुनी झाली.” सुट्टीभर त्यांनी तिला हात लावला नाही. सुनेचं मात्र ती नुसती उभी राहून भागणार नव्हतं, कायमची जायला हवी होती. मिस्त्रीला दाखवूया म्हटल्यावर सासरे कुरकुरले. दुसऱ्याने गाडीला हात लावलेला त्यांना खपत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नवऱ्याने सकाळी आचके खात गाडी इथवर आणली आणि कामावर पळाला.

सासरे हात पुसत आत आले. खांद्यावरचं पिवळं फडकं त्यांनी काढलं, काच पुसली, पुन्हा खांद्यावर टाकलं. फडक्याची एक कड फाटलेली होती.

“हे मशीन सगळंच सांगतं का हो?” त्यांनी विचारलं.

“बिघाड कुठे आहे ते सांगतं,” मिस्त्री म्हणाला. “तो कशाने झाला ते आपण शोधायचं.”

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. सुनेला वाईट वाटलं. आपण यांच्या जिवावर उठलोय असं तिला वाटून गेलं. मग तिला ती ट्रकची सावली आठवली.

स्टिअरिंगखालच्या खाचेत मिस्त्रीने वायर लावली. स्क्रीनवर बिघाडाचा कोड आला. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून काहीच निरोप येत नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला आणि तसाच थांबला. मग त्याने सुनेला खुणेने जवळ बोलावलं.

“त्या सेन्सरचा प्लग काढून ठेवलाय,” तो कुजबुजला. “हा आपोआप निघत नाही. खटका दाबून ओढावा लागतो. ताई, हे उद्योग तुमचे?”

“चिमीची शपथ, मला तो प्लग कुठे असतो तेही माहीत नाही.”

मिस्त्रीने मान हलवली. विश्वास बसला नव्हता. प्लगच्या तोंडाला गुंडाळलेलं काहीतरी त्याने सोडून खाली टाकलं आणि प्लग खटकन बसवला. कोड पुसला. किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं, दिवा विझला.

“गाडी ठणठणीत आहे, बाबा,” तो मोठ्याने म्हणाला. “उद्या नातीला खुशाल शाळेत सोडा.”

सुनेच्या पाचावर धारण बसली. आता बोलायलाच हवं होतं. सासऱ्यांकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून ती खाली बघत राहिली. पायाशी कापडाची एक पट्टी पडली होती. उघड्या प्लगमध्ये धूळ जाऊ नये म्हणून कोणीतरी ती निगुतीने गुंडाळली होती. पट्टी पिवळी होती.

तिने मान वर केली. सासरे तिच्याचकडे बघत होते. मिस्त्रीने पुढे केलेली किल्ली त्यांनी घेतली नव्हती.

“त्याला तो प्लग परत काढायला सांग, पोरी,” ते म्हणाले. “मला तो ट्रक दिसलाच नव्हता.”