भिंतीतली तहान

तेल्हाऱ्यात विहिरीचं पाणी खारं. गोडं पाणी नळ येतील त्या दिवशीच, आणि खुशालरावांच्या किडन्यांना डॉक्टरांनी तेवढंच चालेल म्हणून सांगितलेलं. पण टाकी भरली, की बघता बघता रिती व्हायची. ओल मात्र कुठेच दिसत नव्हती.

पुढचे नळ यायच्या आत गळती सापडावी म्हणून त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, ताहेर प्लंबरला बोलावलं. त्याने सगळे नळ बंद केले, फरशी ठोकून पाहिली, खुशालरावांच्या खाटेमागच्या भिंतीला कान लावला.

"काकू, आवाज तं येऊन राहिला. पण इथून पाइपच नाही गेला."

"मंग नीट पाय ना, बाप्पा! यायले काय विहिरीचं पाजू?" सुभद्राबाईंनी खाटेवरच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं.

त्याने पुन्हा ऐकलं आणि हळूच आपले पाने-पक्कड पिशवीत भरले. "हे टपटप नाही, काकू. घटघट हाय."

तो गेल्यावर सुभद्राबाईंनी स्वतः कान लावला. माहेरी रिद्धपूरला उन्हातून आलेला वाटसरू ओंजळीने असाच प्यायचा, थांबता थांबत नसे. त्यांनी भिंतीपुढे हात जोडले.

"यायच्यापुरतं तरी ठेव रे."

आवाज थांबला.

टाकीच्या तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. त्यांनी ते आणून खुशालरावांच्या ओठांना लावलं. त्यांचा गळा हलताना दिसला, पेला रिकामा झाला. घटघट मात्र भिंतीतून ऐकू आली.

खुशालरावांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"सुभद्रा, रिकामा पेला कावून आणला वं?"