बुटक्या खांबावरचं नाक

स्पेनमधल्या त्या खेड्यात, जुन्या चर्चच्या अर्धगोल कमानीखाली, म्हातारी रेमेदियोस खुर्ची टाकून बसली आणि तिनं मान वळवली.

"नाक नीट बघून घे," ती शिल्पकाराला म्हणाली. "चर्च बांधणाऱ्या गवंड्यानं खांबावर स्वतःचाच चेहरा कोरला, असं आमच्या घरात सांगायचे. आम्ही त्याच्याच वंशातले. आता मी एकटीच उरलेय."

दारातल्या बुटक्या खांबावरच्या त्या चेहऱ्याचं नाक नऊशे वर्षांत झिजून गेलं होतं. शिल्पकार त्याला नवं घडवून देत होता.

काम संपलं तेव्हा जाड भिंतीवर उतरतं ऊन आलं होतं. तिनं दगडी नाकावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या.

"थोडं जास्तच वाकडं झालं," शिल्पकार ओशाळून म्हणाला. "तासून सरळ करतो."

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "बाबांचं अस्संच होतं."