आधी वाळू

पंप बंद होता. काल संध्याकाळपासून बंद होता, आणि ती फोन कानाला लावून टाकीसमोर उभी होती. पायाशी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, शेजारी रबरी नळीचं वेटोळं. पलीकडे परगावी गेलेल्या नवऱ्याच्या फोनची रिंग जात होती.

टाकी केवढी, तर बैठकीच्या खोलीची अख्खी भिंत तिनेच खाल्लेली. टाकीपायी हिचं शिलाई मशीन गॅलरीत गेलं होतं. टाकीच्या बगलेला निळं पिंप होतं. हा नवऱ्याचा वाळूचा फिल्टर. विकतचा आणायचा तर देवाने डोकं कशाला दिलंय, असं म्हणून त्याने तो घरी बनवला होता. पंप टाकीतलं पाणी पिंपाच्या तळाशी ढकलायचा, वाळू उसळत राहायची आणि पाणी वरून स्वच्छ होऊन परत यायचं. पाहुणा आला की चहाच्या आधी पिंप दाखवलं जायचं.

"ही वाळू जिवंत आहे बरं का," तो सांगायचा. "हिच्यातले जंतू माशांची घाण खातात. पण रात्रभर पंप बंद राहिला की मेलेच समजा, आतच सडतात. मग नुसतं बटण दाबलंत तर सगळं विष टाकीत. आधी पिंप रिकामं करायचं, वाळू धुवायची, मगच पंप." हे घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

बायकोचं बोलणं मात्र त्याने कधी पुरतं ऐकलंच नव्हतं. तिचं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं आपल्या मनाने जोडायचा आणि उत्तर देऊन मोकळा व्हायचा. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणायचे. म्हणोत बापडे.

फिल्टर बनवला त्या दिवशीचंच घ्या. तो पाइप कापत बसला होता आणि ती मोरीत वाळू धूत होती. घमेल्यात वाळू घ्यायची, पाणी ओतायचं, हाताने ढवळायचं, गढूळ ओतून द्यायचं. पुन्हा तेच. मध्येच तिच्या भावाचा फोन आला. ती ओल्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, दादाचा फोन होता. आईला..."

"बरं नसेल. वय झालंय त्यांचं," तो पाइपाला सोल्यूशन लावत म्हणाला. "नंतर बोलू. आधी वाळू. हे सुकलं तर जोड बसायचा नाही."

ती आत गेली. का गेलीस, असं तिने नंतर स्वतःला हजारदा विचारलं. पण गेली खरी. वाळूतून नितळ पाणी यायला लागलं तेव्हा दुपार कलली होती, बोटांची सालं निघाली होती आणि दादाचा दुसरा फोन आला होता. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, म्हणाला.

नवऱ्याला खरंच वाईट वाटलं. तो हात धुऊन आला, तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "इतकं होतं, तर आधी नाही का सांगायचं?"

त्याचं ते वाक्य तिच्या मनात रुतलं ते रुतलंच.

"हं, बोल लवकर," फोनवर तो म्हणाला. "मीटिंग सुरू होतेय."

"अहो, पंप बंद आहे. काल संध्या..."

"बंद? मग मला काय विचारतेस? बटण दाब!"

"पण ती वाळू..."

"वाळूचं तू मला शिकवू नकोस."

"एकदा ऐकून तर..."

"अगं, मासे मारतेस का माझे? दाब म्हटलं ना! फोन ठेवू नकोस. दाबलंस?"

तिने वाळू धुवायला भरून ठेवलेल्या बादल्यांकडे पाहिलं. काचेपलीकडे भोपळ्या येऊन थांबला होता. केशरी, पंजाएवढा, टाकीतला सगळ्यात म्हातारा मासा. आणला नवऱ्याने, पण ओळखायचा तिला. तिच्या चिमटीतून दाणे खायचा. या घरात तिच्याकडे टक लावून बघणारा तो एकटाच. याने काय घोडं मारलंय आपलं, असं तिला वाटलं. तरी हात बटणाकडे गेला.

"दाबलं."

"बघ, झालं की नाही? उगीच घोळ घालतेस." आणि फोन बंद.

पिंप घुरघुरलं. पहिलं पाणी काळपट आलं, सडक्या अंड्यांच्या वासाचं. तिने दोन्ही बादल्या मोरीत ओतून दिल्या. आता त्यांचं काही काम नव्हतं. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसली. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. तिने काचेला हात लावला, तसा भोपळ्या नेहमीसारखा हाताशी आला, दाणे असतील म्हणून. तिथेच आडवा झाला. ती मोठमोठ्याने रडली. पण उठली नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा आला तेव्हा पाण्यावर नुसती पांढरी पोटं तरंगत होती. त्याने पिंपाचं झाकण उघडलं, वास घेतला आणि त्याचा चेहराच उतरला.

"किती वेळ बंद होता पंप?"

"तुम्ही निघालात त्या संध्याकाळपासून. अख्खी रात्र."

जन्मात पहिल्यांदा त्याने तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं.

"अगं, रात्रभर बंद होता," तो म्हणाला, "तर आधी नाही का सांगायचं?"

एवढंच तर ऐकायचं होतं तिला. त्या संध्याकाळी त्याची टॅक्सी कोपऱ्यावरून वळताच तिने पंपाचं बटण त्यासाठीच बंद केलं होतं.